पांढऱ्यात लाल

टाकीत तीनशे साठ लिटर लाल वाइन होती. टाकीभोवतीच्या सिमेंटच्या हौदात गुडघाभर पाणी आणि त्या पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या तीन लाद्या, रात्रभरात झिजून उशीएवढ्या झालेल्या. बाजूला एक रिकामी टाकी. पाच निळे ड्रम, द्राक्षं पिळायचा, हाताने फिरवायचा एक प्रेस, आणि दाराशी ताडपत्रीखाली पांढऱ्या द्राक्षांचे अकरा क्रेट, पहाटे पळस्प्याच्या नाक्यावर तासभर अडकून नंतर इथे पोचलेले. थर्मामीटर बारा अंश दाखवत होता. घनतामापी १.००८ वर उभा होता. काल संध्याकाळीही तो तिथेच होता, आणि परवाही.

ऋचाने नळी उजेडाकडे धरून पाहिली. लाल रस स्वच्छ, शांत. एक बुडबुडा नाही.

तिला अर्थ विचारायची गरज नव्हती. द्राक्षातली साखर यीस्ट खातं आणि दारू करतं. ते मध्येच थांबलं की वाइन अडली म्हणतात. लिटरला अठ्ठावीस ग्रॅम साखर अजून शिल्लक होती. ही साखर यीस्टने खाल्ली नाही तर दुसरं कोणीतरी येऊन खाणार, आणि ते दुसरं कोणीतरी व्हिनेगर करणारं असतं.

चूक कुठे झाली तेही तिला माहीत होतं. आपट्याच्या रस्त्यावर, पाताळगंगेपासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये वाइन करायची म्हटल्यावर भेटेल त्याने एकच वाक्य ऐकवलं होतं: पनवेलच्या उन्हात वाइन होत नसते. नाशिकला होते, तिथे थंडी असते. ऋचाने ते वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी तिने मनातल्या मनात उन्हाशी भांडण मांडलं. होळीनंतर पारा अडतीसवर गेला तेव्हा तिने मासळी बाजाराला बर्फ पुरवणाऱ्या यूनुसचाचांकडून एका रात्रीत पाच लाद्या मागवल्या, आणि मग रोज रात्री. एकोणतीस अंशांवर मजेत काम करणारं यीस्ट पहिल्याच सकाळपर्यंत बारावर आलं आणि तळाशी जाऊन निजलं. ऊन टाकीपर्यंत पोचलंही नव्हतं. वाइन उन्हाच्या धाकाने अडली होती.

बाहेर गाडी थांबली. शेडच्या मालकीण पद्मजाताई उतरल्या. बँकेतली नोकरी वेळेआधी सोडून त्यांनी वाइन करायचा परवाना काढला होता. त्यांच्यामागून सल्लागार इंद्रजीत सर आले. वीस वर्षं नाशिकच्या कारखान्यांत मुरलेला माणूस, खांद्याला कायम तीच चामड्याची बॅग.

"काय मॅडम सायंटिस्ट, किती?"

"एक पूर्णांक शून्य शून्य आठ."

"परवाही आठच होते."

"हो."

"म्हणजे निजली." सरांच्या आवाजात आनंद नव्हता, पण आश्चर्यही नव्हतं. त्यांनी बॅगेतून एक चंदेरी पाकीट आणि एक पांढरा डबा काढून प्रेसच्या फळीवर ठेवला. "हे यीस्ट. फ्रान्सचं. मेलेल्या टाकीलाही उठवतं. आणि हे सल्फाइट. यीस्टने संपवायचं, सल्फाइटने सगळ्यांना गप्प बसवायचं, बारीक गाळणीतून काढायचं, मोकळं. आणि चव नाहीच जमली तर मोठ्या फॅक्टरीला मिसळायला देऊन टाकू. तीनशे साठ लिटर त्यांच्या टँकरमध्ये कळणारसुद्धा नाहीत."

"मग ती वाइन कुणाची?"

"कुणाचीही."

"त्यासाठी मी नोकरी नाही सोडली, सर."

हे खरं होतं. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झाल्यावर दोन वर्षं तिने एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जंतू मारले होते. टेबलावरचे, हातमोज्यांवरचे, हवेतले. नंतर तिला वाटलं, कधीतरी यांना जगू देऊन काय करतात ते बघायला हवं. द्राक्षासोबत शेतातून जे येईल तेच यीस्ट, वरून काही नाही, खालून काही काढायचं नाही. पद्मजाताईंना ते पटलं होतं. पनवेलच्या घरात आईला पटलं नव्हतं. "एमएस्सी झालेली मुलगी द्राक्षं तुडवते, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?" असं ती विचारायची, आणि ऋचा म्हणायची, "ह्याच तोंडाने सांग. चवही ह्याच तोंडाने घे."

पद्मजाताई टाकीवर हात ठेवून उभ्या होत्या. "ऋचा, फक्त द्राक्षं, असं तू म्हणालीस. मी ते दहा ठिकाणी अभिमानाने सांगून बसले आहे. पण लोकांना मी व्हिनेगर पाजू शकत नाही गं."

"नाही पाजायचं. मला ते पांढरे क्रेट द्या."

इंद्रजीत सर वळले. "ते माझे आहेत. म्हणजे माझ्या पांढऱ्या वाइनसाठी आणलेत."

"माहीत आहे."

"आणि काय करणार त्यांचं? लालमध्ये पांढरी ओतून सरबत?"

"लालमध्ये पांढरी नाही ओतायची. पांढऱ्यात लाल ओतायची." ऋचाने हात पुसले. आता ती भरभर बोलायला लागली. "पांढरी द्राक्षं ठेचून तशीच ठेवायची, सालीसकट. त्यांच्यावरचं यीस्ट जागं होईल, रस उकळल्यासारखा वर येईल. ते असं जोरात असताना त्यात ही लाल थोडी थोडी द्यायची. एक बादली. ती पचली की दोन. पचली की चार. एकदम दारूत टाकलं तर नवीन यीस्टही मरतं, पण हळूहळू सवय लावली तर ते लालमधली साखरसुद्धा खाऊन टाकेल."

"आणि जे तयार होईल ते काय असेल? ना लाल ना पांढरं. दुकानदार विचारेल, कुठल्या फळीवर ठेवू?"

"तिसऱ्या."

सर हसले, पण लगेच गंभीर झाले. "हे बघ, मी गंमत करत नाही. असं नुसत्या भरवशावर सोडलेलं मी पाहिलंय. एका पोराच्या बाटल्या गोदामात फुटल्या, सकाळी काचा झाडाव्या लागल्या. साखर राहिली, बूच लावलं, आत पुन्हा सुरू झालं. तुझं हे जमलं नाही तर लालही जाईल आणि पांढरीही. आता एक आजारी आहे, तू दोन मारशील."

सर बरोबर बोलत होते, हे ऋचाला माहीत होतं. ती म्हणाली, "मारीन तर मारीन. पण पाकीट नको."

पद्मजाताईंनी दोघांकडे पाहिलं. बँकेत कर्जाच्या फायलींवर निर्णय देताना त्यांचा चेहरा असाच होत असावा. "पाडव्याला साखर मोजायची. लिटरला दोन ग्रॅमच्या खाली आली तर ही वाइन जशी आहे तशी बाटलीत जाईल, आणि पुढेही इथे ऋचाच्याच पद्धतीने काम चालेल. वर राहिली तर इंद्रजीत पाकीट फोडेल, आणि पुढच्या वर्षापासून सगळं तो म्हणेल तसं. कबूल?"

"कबूल," ऋचा म्हणाली.

"मोजणार कोण?" सरांनी विचारलं. "तिच्या हातचं मी मानणार नाही."

"मग तुम्ही मोजा. तुमची ब्युरेट घेऊन या."

गाडी गेली. ऋचा दारातल्या क्रेटकडे वळली आणि जागच्या जागी थिजली.

आपट्याहून कामाला येणारी हौसाबाई घमेल्यासमोर बसून द्राक्षांचे घड पाण्यात बुचकळत होती. घमेल्याशेजारी खडेमिठाची पुडी. दोन क्रेट चकचकीत होऊन बाजूला निथळत होते.

"हौसाबाई! काय करताय हे?"

"धुते. द्राक्षांवर दवा मारलेली असते ना बाय. मिठाच्या पाण्यात धुवाची. आमी घरात पण अशीच धुतो, नाय तर पोरांची पोटं दुखतात."

"अहो, ह्या मळ्यात महिनाभर फवारणी बंद होती! सालीवरचं ते पांढरं, ते सगळं धुऊन टाकलंत?"

"घाण हाय ती."

"ती घाण नाही. तीच काम करणार होती."

हौसाबाईने तिच्याकडे, मग घमेल्याकडे पाहिलं. "घाण काम करनार? मग आमी कशाला?"

ऋचाला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः हेच केलं असतं, वर स्पिरिटने पुसून घेतलं असतं. धुतलेले दोन क्रेट बाजूला गेले. ते पुढे सगळ्यांनी खाल्ले. उरले नऊ.

"आता तुडवायची. चला."

हौसाबाईने लुगड्याचा काष्टा वर खोचला, ड्रमपाशी आली आणि थबकली. "बाय, पाय धुवाचे का नाय? आता तूच सांग."

"पाय धुवायचे."

"बरं झाला इचारलं," हौसाबाई म्हणाली, आणि दोघी हसत हसत ड्रममध्ये उतरल्या. पांढरी द्राक्षं पायाखाली गार, गुळगुळीत फुटत होती. दोन ड्रम निम्म्यावर भरले.

दुपारी यूनुसचाचांचा फोन आला. उरणच्या बाजूला त्यांचा बर्फाचा कारखाना, पनवेलच्या बाजारात रोज सकाळी त्यांचा टेम्पो. पहिल्यांदा बर्फ द्यायला आले तेव्हा त्यांनी शेडच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. दारातूनच म्हणाले होते, "टाकीच्या बाहेर लावतेस ना? मग आत काय आहे ते मला सांगू नकोस, बेटा. मी पाणी विकतो."

आता ते विचारत होते, "आज किती पाठवू? पाच?"

"एकही नको, चाचा."

"खैरियत?"

"बर्फ जास्त झाला. आता ऊन हवंय."

पलीकडून मोठ्ठं हसू आलं. "मार्च महिन्यात पनवेलमध्ये ऊन मागणारी तू पहिली! घे की, मुफ्त आहे. इकडे रोजे चालू आहेत, इफ्तारच्या सरबताला बर्फ पुरत नाही. तुझ्या लाद्यांना गिऱ्हाईक रांगेत उभं आहे."

ऋचाने हौदाचं बूच काढलं. बर्फाचं पाणी नाल्याकडे वाहून गेलं. छपराच्या पत्र्यावर पाण्याची काळी टाकी होती. दुपारी तिच्या नळाखाली हात धरवत नसे, म्हणून दुपारी तो नळ कोणी उघडतच नसे. ऋचाने त्याला पाइप जोडला आणि ते उन्हाने तापलेलं पाणी हौदात सोडलं. घाई केली नाही. थोडं सोडायचं, थांबायचं, टाकीचं तापमान पाहायचं, पुन्हा सोडायचं. घाईनेच एकदा घात केला होता. लाल वाइन बारावरून वीसवर आली, दुसऱ्या दुपारी सव्वीसवर. ज्या उन्हाच्या नावाने सगळ्यांनी तिला भीती घातली होती, ते आता तिच्या हौदात बसून तिचं काम करत होतं.

पांढऱ्या द्राक्षांचे ड्रम मात्र गप्प होते. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही, फक्त चिलटं आली. ऋचा दर थोड्या वेळाने ड्रमला कान लावायची. हौसाबाई म्हणाली, "पोटुशीच्या पोटाला कान लावल्यासारखी लावतेस." तिसऱ्या सकाळी शेडचं कुलूप काढतानाच तिला आवाज ऐकू आला. मंद आचेवर ठेवलेल्या कढईसारखा, बारीक, सलग. झाकण उचललं तर साली वर आल्या होत्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या घट्ट, आणि फटींतून फेस येत होता.

तिने एक बादली लाल वाइन काढली आणि पांढऱ्या फेसावर हळूच सोडली.

फेस बसला. आवाज थांबला.

ऋचा ड्रमच्या काठाला धरून उभी राहिली. हौसाबाईने झाडू घेतला आणि जिथे झाडून झालं होतं तिथेच पुन्हा झाडू लागली. दोघींचे डबे झाले, दुपार कलली. मग गुलाबी झालेल्या सालींमधून एक बुडबुडा वर आला, फुटला, आणि त्याच्यामागून बाकीचे आले.

दुसऱ्या दिवशी दोन बादल्या. मग चार. ड्रम भरले तेव्हा साली प्रेसमधून पिळून सगळा रस रिकाम्या टाकीत घेतला आणि लाल वाइन तिथे घालणं चालू ठेवलं. प्रत्येक वेळी फेस बसायचा, आणि प्रत्येक वेळी आवाज परत यायचा, पहिल्यापेक्षा थोडा उशिराने.

निम्म्याहून जास्त लाल आत गेली आणि टाकीला सडक्या अंड्यांचा वास यायला लागला.

नेमके त्याच दिवशी इंद्रजीत सर आले. दारातच त्यांनी नाक मुरडलं. "यीस्ट उपाशी आहे. अशा वेळी आपण खत देतो, अमोनियाचं. चमचाभर. ते काही यीस्टचं पाकीट नव्हे, ऋचा. त्याने तुझ्या शपथेला काही होत नाही."

"वरून काही नाही म्हणजे काही नाही."

"हट्टीपणा आहे हा."

"आहे. माझाच आहे, कुणाचा ढापलेला नाही."

"आणि वास गेला नाही तर?"

"तर पाडव्याला तुम्ही जिंकाल. तुम्हाला काय घाई आहे?"

सर बाकावर बसले. ऋचाने टाकीच्या खालच्या तोटीतून बादली भरली, स्टुलावर चढली आणि ती बादली उंचावरून दुसऱ्या बादलीत ओतली, चहावाला चहा वरून ओततो तशी. रसाला हवा लागली. मग परत टाकीत. पुन्हा दुसरी. तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टचा गाळही ती लाकडी वल्ह्याने ढवळून वर आणत होती; तेही खाणंच, फक्त ते द्राक्षातूनच आलेलं. तिचे खांदे भरून आले. हौसाबाईने दुसरं स्टूल आणलं. थोड्या वेळाने सरांनी बॅग बाकावर ठेवली, बाह्या दुमडल्या आणि बादली धरायला पुढे झाले.

"मी तुझ्या बाजूचा नाही," ते म्हणाले. "ओतताना सांडतेस, ते बघवत नाही."

"बरं."

"मनगट सरळ ठेव."

दुसऱ्या सकाळी वास निम्मा झाला होता. आणखी दोन दिवसांनी टाकीतून कच्च्या पेरूचा आणि मिरीचा वास येऊ लागला. ऋचाने शेवटची लाल बादली आत सोडली, जुनी टाकी नळाच्या पाण्याने धुतली आणि घनतामापीकडे मुद्दाम पाठ केली. तो साखर आणि दारू दोन्ही एकत्र मोजतो, शेवटच्या दोनचार ग्रॅमांना त्याच्यावर विसंबता येत नाही. खरं उत्तर पाडव्यालाच मिळणार होतं. बुडबुडे मंदावत गेले. साखर संपल्यामुळे मंदावले की पुन्हा निजल्यामुळे, हे नुसतं बघून कुणालाच सांगता आलं नसतं, तिलाही नाही.

पाडव्याला हौसाबाईने येताना कडुलिंबाचा डहाळा आणला आणि शेडच्या दारावर खोचला. पद्मजाताई घरची गुडी उभारून, नवी साडी नेसून आल्या. सर ब्युरेट घेऊन आले, मापाच्या रेघा असलेली तोटीची काचनळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ऋचाने फळीवर जुन्या कॉलेजातल्यासारखी मांडणी करून ठेवली होती: स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र, फेहलिंगची निळी द्रावणं. ह्या निळ्यात साखर पडली की ते विटेसारखं लाल होतं. किती थेंबांनी झालं त्यावरून साखर कळते: थेंब जितके जास्त लागतील, तितकी साखर कमी.

आधी त्यांनी पेल्यात थोडी वाइन घेतली. उजेडात तिचा रंग कोकम सरबताचा होता, जरासा गढूळ.

"मी सरबतच म्हणालो होतो," सर म्हणाले.

"कोकमाला नावं ठेवायला तुम्ही कोकणात आलात?" पद्मजाताई म्हणाल्या. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि पेला खाली ठेवला. "मी काही बोलणार नाही. मोजा आधी. दोनच्या खाली हवी."

ऋचाने नमुन्यात कोळशाची पूड घालून रंग काढला, गाळला, आणि ते पाण्यासारखं झालेलं द्रव सरांच्या हातात दिलं. ती स्वतः दोन पावलं मागे सरली आणि हात पाठीमागे बांधले.

"लांब का उभी राहिलीस?" सरांनी विचारलं.

"तुमच्या हातचं तुम्ही मानाल म्हणून."

सरांनी चष्मा चढवला. निळं द्रावण उकळायला लागलं. ब्युरेटची तोटी त्यांनी बोटाने किंचित फिरवली आणि थेंब पडू लागले, एकेक. निळं निळंच राहिलं. हौसाबाई दारातून मान लांब करून बघत होती. थेंब पडत राहिले, ब्युरेटमधली पातळी खाली खाली गेली, सरांनी ती पुन्हा भरली. मग कडेने रंग फाटल्यासारखा झाला, आणि निळं गेलं, तळाशी विटकरी गाळ बसला.

सरांनी गुडघे वाकवून डोळा रेघेच्या बरोबर समोर आणला. आकडा पाहिला. भांडं धुतलं, नवं निळं घेतलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. दुसरा आकडाही पाहिला. फळीवरचा खडू उचलून ते टाकीपाशी गेले आणि तिच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं:

साखर, लिटरला १.६ ग्रॅम.